किल्ली कावळ्याने नेली

"तुमचा कोणाचा विश्वास बसणार नाही, पण किल्ली कावळ्याने नेली," रेडिओआजोबा म्हणाले.

विश्वास बसला नाही. निदान तेवढ्यापुरतं तरी कार्यशाळेत सगळ्यांचं एकमत झालं.

कार्यशाळा गल्लीतल्या सगळ्यांची होती. बिघडलेली वस्तू घेऊन यायचं, बसायचं, दुरुस्त करायची. एक लांब टेबल, त्याच्याखाली सहा सॉकेट, आणि सहांना मिळून भिंतीवर एकच मेन स्विच. ज्याला तारांना हात घालायचा असेल त्याने स्विच बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हात लावायचा नाही. कार्यशाळा सांभाळणाऱ्या ताईंनी हे सगळं तेलरंगात भिंतीवर लिहून ठेवलं होतं. खाली शिक्षाही होत्या. किल्ली तिसऱ्यांदा हरवली की सभासदांच्या वहीतून नाव कमी. कुलूप न लावता उघड्या तारा टाकून गेलं, तर पहिल्यांदाच कमी.

आजोबांची आज तिसरी वेळ होती.

सकाळी दहापासून त्यांचं लाल कुलूप स्विचवर लटकत होतं आणि टेबल मेल्यासारखं पडलं होतं. आजोबा मात्र शिवणवाल्या बाईंच्या मशीनसमोर स्टुलावर पाय पसरून बसले होते. "पायात गोळा आलाय, जवळ येऊ नका," असं म्हणत त्यांनी कोणाला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. एक वाजून गेल्यावर कुलूप निघालं. किल्ली कुठून उगवली ते कोणी पाहिलं नाही.

"तीन गिऱ्हाइकं अर्धी भादरून आलोय मी, ताई!" सलूनवाला करवादला. "केस कापायचं मशीन बंद पडलं म्हणून पळत इथे आलो. स्विचला हात घातला, तर समोर यांचं कुलूप! ती तिघं अजून आरशासमोर बसून आहेत. बाहेर तरी कोणत्या तोंडाने पडतील?"

"आजोबा," ताई म्हणाल्या, "तीन तास किल्ली कुठे होती?"

"तेच तर सांगतोय. खिडकीत ठेवली होती. कावळा आला. साधासुधा नव्हे, बदकाएवढा. किल्ली उचलली आणि जाऊन बसला समोरच्या गच्चीवर. मी म्हटलं, बाबा रे, दे. तो बोलला नाही, पण मान अशी हलवली, की मी समजून गेलो. मग मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं, गरगर फिरवलं आणि फेकलं. चोचीतली किल्ली टपकन चिकटली!"

"किल्ली पितळेची आहे," सलूनवाला म्हणाला. "पितळ कुठे चिकटतं चुंबकाला?"

"कावळ्यालाही तेच वाटलं. म्हणून तर गाफील राहिला."

"आणि हे सगळं स्टुलावर बसून?" ताईंनी विचारलं.

"उठता आलं असतं तर चुंबक कशाला लागलं असतं?"

टेबलाभोवती हशा पिकला. सलूनवालासुद्धा मिशीत हसला. ताईंना हसू आवरेना, पण त्यांनी सभासदांची वही पुढे ओढली आणि आजोबांचं पान काढलं. हशा हळूहळू विरला.

आजोबांचं नाव कमी होणं ही साधी गोष्ट नव्हती. घरी सुनेने सोल्डरिंगला बंदी घातली होती. टेबलक्लॉथला पडलेली भोकं ती आल्यागेल्याला दाखवत असे. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला बसायला आता हे एवढं एकच टेबल उरलं होतं.

ताईंनी पेनाचं टोपण काढलं. "आजोबा, शेवटचं विचारते. खरं काय ते सांगा, म्हणजे काही मार्ग तरी काढता येईल."

आजोबांनी छताकडे पाहिलं. मग पेनाकडे पाहिलं.

"खरं सांगायचं, तर कावळे दोन होते."

"खोटं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मशीनपाशी शिवणवाल्या बाई उभ्या होत्या. तापाने फणफणलेली लेक त्यांच्या खांद्यावर झोपली होती. घरात मशीन ठेवायला वीतभर जागा नव्हती, म्हणून बाईंचं सगळं शिवण इथे चालायचं. लेकीला घेऊन त्या एक वाजता परत आल्या होत्या.

"अहो बाई, गोष्ट माझी चाललीय," आजोबा घाईघाईने म्हणाले. "पोरीला घरी न्या आधी. मोठ्या माणसांच्या थापांत मध्ये बोलू नये."

"बोलणार. दोन नव्हते आणि एकही नव्हता. किल्ली सकाळपासून यांच्या खिशात होती. माझं सॉकेट जळलं होतं, ते उघडून मी तारा बाहेर काढल्या, आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला, हिला ताप भरलाय म्हणून. स्विच बंद होता, तेवढ्यावर मी तशीच पळाले. माझं कुलूप पिशवीतच राहिलं. माझ्या कामाला यांना हात लावता येत नव्हता, म्हणून स्विचवर स्वतःचं कुलूप लावून, तारा कोणाला दिसू नयेत असे हे त्यांच्यापुढे बसून राहिले, मी येऊन सॉकेट बसवेपर्यंत." बाई सलूनवाल्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही स्विच दाबायला निघाला होतात ना? त्या तारा इथे टेबलाशी तुम्ही बसता त्या खुर्चीच्या पायाशी लोंबत होत्या. ताई, नाव खोडायचं ते माझं खोडा."