अकरा विभागांचा माणूस

“चिंचोरे, तुमचं नावच सापडत नाहीये हो!” पालेकर मॅडम वैतागल्या. कंपनीत कपात होती. प्रत्येक विभागातली नको असलेली माणसं हेरून त्यांची निरोपाची पत्रं छापणारा प्रोग्रॅम चिंचोरेपाशी येऊन अडून बसला होता.

अडणारच! सतरा वर्षांत चिंचोरेने वेबसाइट बांधल्या, मोबाइलची ॲप लिहिली, मेलेले सर्व्हर उठवले, कँटीनच्या यंत्राला चहात आलं किती घालायचं तेही शिकवलं. अकरा विभाग त्याला हाका मारत, पण आपला म्हणून एकानेही नोंदवला नव्हता. जमलं नव्हतं ते फक्त मॅडमच्या टेबलाचं डुगडुगणं थांबवणं.

“गप बस रे, नोकरी वाचतेय तुझी!” टेस्टिंगवाली देवयानी मागून कुजबुजली.

पण चूक समोर दिसत असताना गप्प बसेल तो चिंचोरे कसला? “मॅडम, ज्याला विभागच नाही तो आधी धरायला हवा,” म्हणत त्याने दोन ओळी बदलल्या. पहिलंच पत्र त्याचं निघालं, तेही अर्धंच. प्रिंटर अडकला.

“चिंचोरे!” मॅडमनी सवयीने हाक मारली.

त्याने बाह्या सरसावून कागद सोडवला आणि स्वतःचं पत्र अदबीने पुढे केलं.

मॅडमनी एकदा प्रिंटरकडे पाहिलं, एकदा चिंचोरेकडे. मग पत्राच्या चार घड्या घालून त्यांनी ते टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल ठाम उभं राहिलं.

“सतरा वर्षांत एवढं सुचलं नाही होय तुम्हाला?”