धाकटीचं पत्र

किण्... किण्किण्.

चमचा कपाच्या काठावर वाजला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. टेसाने सवयीने दोन्ही हात मांडीखाली दडपले. मार्नीने तिकडे न पाहिल्यासारखं केलं आणि धाकट्या बहिणीने आणलेलं पत्र पुन्हा वाचायला घेतलं.

कायमचं अपंगत्व मान्य. शैक्षणिक कर्जाची उरलेली संपूर्ण रक्कम माफ.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"एक्केचाळीस हजार डॉलर?"

"हो."

"नशीब काढलंस बाई!"

टेसाने पिशवीतून आपला झाकणाचा प्याला काढला, त्यात कॉफी ओतून घेतली आणि नळीने एक घोट ओढला.

"जोसीनेसुद्धा झाकणाचा प्याला दोन वर्षांपूर्वी सोडला," मार्नी म्हणाली.

टेबलाखाली मार्नीची सहा वर्षांची मुलगी जोसी घोडा रंगवत बसली होती. नाव ऐकून तिने डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घेतलं. तिची एक वेणी सुटली होती. हल्ली मम्माने घातलेली वेणी दुपारपर्यंतही टिकत नसे.

दोघी बहिणींनी कर्ज काढूनच शिक्षण घेतलं होतं. टेसा शाळेत व्हायोलिन शिकवायला लागली, मार्नी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायला. पंधरा वर्षं ती ते करत होती. एप्रिलमध्ये मात्र डॉक्टरांनी तिला उठवून बाहेर फोन घ्यायला बसवलं. का, तर एका आजोबांच्या हिरडीला जरासं लागलं. मग आणखी एका बाईंच्या. पंधरा वर्षांत दोनदा! निमित्तच हवं होतं त्यांना. पगार कमी झाला, हप्ता तेवढाच राहिला.

आणि टेसा? नऊपर्यंत झोपायची. दुकानाच्या अगदी दाराशी गाडी लावायला तिच्याकडे अपंगांचं निळं कार्ड होतं. दोघींची मॉम दर गुरुवारी तिच्याकडे मॅकरोनीचं गरम भांडं घेऊन जायची. मार्नीच्या दारात मॉम शेवटची आली होती ती ईस्टरला, तीही टेसाला आणायला वेळ आहे का, असं विचारायला.

"शनिवारी पाहिलं मी तुला," मार्नी म्हणाली. "दुकानाबाहेर. मस्त नाचत चालली होतीस."

"नाचत नव्हते गं."

"मग काय करत होतीस?"

"चालत होते."

मार्नी हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मला नको सांगूस. लहानपणी शाळा बुडवायला तुझं पोट कसं दुखायचं, ते मी पाहिलंय."

"व्हायोलिन विकलं मी, मार्नी."

"केवढ्याला?"

टेसाने खिडकीकडे तोंड वळवलं. समोरच्या अंगणात कुणीतरी पानं गोळा करत होतं. मग ती म्हणाली, "तीन आठवडे फोन करतेय तुला. उचलत नाहीस."

"जादा तास काम करते. काही जणांना करावं लागतं."

"मी हे पत्र मिरवायला आलेली नाही. मला डॅडबद्दल बोलायचंय."

"त्या दारुड्याचं नाव काढू नकोस माझ्या घरात."

डॅड जिन्यावरून पडून गेला तेव्हा मार्नी पंधरा वर्षांची होती. त्याआधीची चार वर्षं घरात रोज काहीतरी फुटायचं. डॅड शर्टाची बटणं चुकीची लावायचा, बोलताना अडखळायचा, रिकाम्या खोलीत झोकांड्या खायचा. बाटली मात्र कधीच कुणाला सापडली नाही. लपवण्यात हुशार आहे तुमचा बाप, मॉम म्हणायची. लग्नाच्या फोटोतूनसुद्धा तिने त्याला कापून काढलं होतं.

"डॅड पीत नव्हता," टेसा म्हणाली.

"बरं. आता तोही बिचारा!"

"मार्नी, ऐक तरी."

"तुला डॉक्टरांनी लिहून तरी काय दिलंय? दाखव ना. मलाही कळू दे, एवढी मेहेरबानी कशावर मिळते ते. मीही लिहून आणते."

टेसाने एक पाकीट टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. मार्नीने ते इतक्या रागाने उघडलं की कागद कोपऱ्यात फाटला. वर आजाराचं लांबलचक नाव होतं. खाली टाइप केलेल्या ओळी होत्या.

मेंदूचा आजार. हातापायांच्या आवर न घालता येणाऱ्या हालचाली. वाढत जाणारा. बरा न होणारा. आनुवंशिक, वडिलांकडून आलेला.

मार्नीने शेवटची ओळ दोनदा वाचली.

"निम्मी शक्यता असते," टेसा हलकेच म्हणाली. "प्रत्येक मुलाला. म्हणून फोन करत होते. तुझी तपासणी करून घेऊ. मी येते बरोबर."

"मला काही झालेलं नाही."

"बरं."

"दमते मी, एवढंच. दमणार नाही तर काय!"

टेसाने मान हलवली. मार्नीने समोरचा कप जवळ ओढला.

किण्... किण्किण्किण्.

"बास कर गं ते!" मार्नी खेकसली.

टेसा हलली नाही. तिचे दोन्ही हात पुन्हा मांडीखाली होते. तिच्यापुढे टेबलावर फक्त तो झाकणाचा प्याला आणि त्यातली नळी होती.

जोसी टेबलाखालून बाहेर आली. तिने आईच्या चमचा धरलेल्या बोटांवर आपला रंग लागलेला तळवा अलगद ठेवला, बाहुलीला झोपवताना ठेवायची तसा. आवाज थांबला.

"मम्मा," तिने विचारलं, "तुझाही हात मावशीसारखा नाचतो ना? मग आता तुझंही कर्ज माफ होणार?"