रंगदुरुस्ती

तान्ह्या बाळांचे फोटो काढण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो फोटोग्राफर सगळ्यांना सांगत फिरायचा. त्या दिवशी तर स्वारी भलतीच खूश होती. पाच दिवसांचं बाळ टोपलीत निजवलं, कुशीवर वळवलं, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली, तरी ते ढिम्म हललं नाही. एकदाच त्याने डोळे किलकिले केले, तेवढ्यात पठ्ठ्याने फोटो टिपला.

"सकाळपासून दूधही ओढत नाहीये," बाळाची आई म्हणाली. "आणि डोळे बघा ना, पिवळे वाटतात."

"अहो ताई, माझ्या दिव्यांचा उजेडच पिवळा आहे! इतकं शहाणं बाळ मी आजवर पाहिलं नाही."

"हिला सगळ्यातच खोट दिसते," बाळाचे बाबा म्हणाले.

स्टुडिओत जाऊन त्याने फोटो उघडले. पिवळेपणा खिडकीपाशी काढलेल्या फोटोंतही होता, आणि तिथे तर त्याने दिवे लावलेच नव्हते. पण एवढ्या मोठ्या कलाकाराने असल्या फालतू गोष्टींत डोकं कशाला घालायचं? त्याने बाळाचे गाल गुलाबी केले, डोळे पांढरेशुभ्र केले आणि फोटो पाठवून दिले.

तासाभरात बाळाच्या बाबांचा मेसेज आला.



"खूप खूप थँक्यू! हिने दवाखान्याचा हट्टच धरला होता, म्हणून डॉक्टरांना तुमचाच फोटो पाठवला. ते म्हणाले, कावीळ अजिबात दिसत नाही, बाळाला आणायची गरज नाही."