भिंतीपलीकडची बांग

म्युनिसिपालटीच्या हंबीररावांनी मोजायच्या फितीचं एक टोक धोंडुबाईच्या खुराड्याला लावलं आणि दुसरं शेजारच्या अक्कांच्या खोलीच्या भिंतीला. मधे फीत उरलीच नाही. खुराडं भिंतीला टेकूनच होतं.

"बाई, म्युनिसिपालटीचा नियम हाय. शेजाऱ्याच्या भिंतीपासनं खुराडं लांब पायजे. आन् शेजाऱ्याची हरकत आसंल, तर कोंबडा पेठेत ठेवायचाच न्हाय."

धोंडुबाईनं मशेरीचं काळं बोट तोंडातून काढलं. "संस्थानात आरवत हुता तवा चालत हुतं. आन् स्वराज्य आलं म्हून त्येनं गप बसायचं व्हय?"

हरकत अक्कांच्या मुलानं घेतली होती. यज्ञेश्वर शाळामास्तर. पहाटे कोंबडा आरवला की म्हाताऱ्या आईची झोप मोडते, एवढं त्यानं पाहिलं होतं. गुणी मुलगा. गुणी मुलांना विचारायची सवय नसते.

अक्का खिडकीशी माळ ओढत बसल्या होत्या. मोतीबिंदू पिकून गेलेला. दिवस काय नि रात्र काय, सगळं ताकासारखं. त्या ताकात पहाटे बांग उमटायची. पहिल्या बांगेला अक्का कुरुंदवाडच्या घाटावर असायच्या, परकरात. पाण्यावर धुकं, पायरी गार, पलीकडून नावाडी हाक देतोय, आई म्हणतेय, उतरू नकोस गं पुढं. दुसऱ्या बांगेला त्या सावकाश परत यायच्या आणि चाचपडत न्हाणीकडं जायच्या. उजाडलं, हे त्यांना तेवढ्यानं कळायचं.

"अक्का, तुमीच सांगा," हंबीरराव खिडकीशी आले. "तरास हुतोय का न्हाय?"

सोवळ्यातल्या बाईनं चारचौघांत काय सांगावं? की मी कोंबड्याची वाट बघत निजते? माळेचा एक मणी पुढं सरकला. अक्का गप्पच राहिल्या, आणि हंबीररावांनी तो होकार धरला.

संध्याकाळी भिंतीपलीकडं फडफड झाली. धोंडुबाई कोंबड्याला डालग्यात कोंडत होती.

"कुठं नेतेस गं त्याला?"

"कुरुंदवाडला. भणीच्या घरी."

अक्का म्हणाल्या, "माझं माहेर ते. तिथं उजाडेल बरं. मला इथं कसं कळायचं?"

डालग्यावरचा हात थांबला. "आन् मगाशी मूग गिळून का बसलासा?"

"लेकानं माझ्यासाठी केलं गं. त्याला काय सांगू?"

कोंबडा गेला. अक्का निजल्या, जाग्या झाल्या, पुन्हा पडून राहिल्या. ताक नुसतं ढवळत राहिलं. कुरुंदवाड कुठल्या अंगाला, तेसुद्धा सापडेना.

आणि मग बांग आली. जरा जाड, जरा घोगरी, पण भिंतीपलीकडूनच. पायाखाली गार पायरी आली. धुकं आलं. नावाड्यानं हाक दिली. दुसरी बांग मात्र अर्ध्यात अडकली आणि तिचा खोकला झाला.

अक्का अंथरुणातच हसल्या. न्हाऊन झाल्यावर त्यांनी सुनेकडून आल्याचा रस काढून घेतला, मध घातला, आणि चाचपडत जाऊन वाटी परसातल्या भिंतीवर ठेवली.

"अक्का, हे कुणाला?" यज्ञेश्वरानं विचारलं.

"कोंबड्याला," अक्का म्हणाल्या. "मशेरी फार लावतो रे तो."