काढून ठेवलेली वायर

उस्ताद नातीचा हात धरून गॅरेजमध्ये शिरले आणि मेकॅनिक हातातलं काम टाकून उठला. शाळा नुकतीच सुटली होती. पोरीच्या पाठीवर दप्तर होतं. उस्तादांची गाडी समोरच उभी होती, तोंड रस्त्याकडे.

मागच्या आठवड्यात ह्याच गाडीतून ते नातीला घेऊन शाळेतून घरी निघाले, ते अंधार पडल्यावर भलत्याच गावच्या पेट्रोल पंपावर सापडले. पोर मागच्या सीटवर रडून रडून झोपली होती. उस्तादांच्या लेकीनं दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला गळ घातली, की गाडी बिघडलेलीच राहू दे, दादा. बाबांकडून चावी मागून घ्यायची माझी हिंमत नाही.

म्हणून त्यानं क्रँक सेन्सरची वायर उपसून ठेवली. हा सेन्सर मुका झाला की ठिणगी कधी टाकायची तेच इंजिनाला कळत नाही, स्टार्टर नुसता कण्हत राहतो. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोडही खराखुरा येतो. सगळं बिनबोभाट. फक्त ज्यांनी हातात पाना धरायला शिकवलं त्यांनाच बनवायचं होतं, एवढीच काय ती अडचण.

"काय रे, अजून झाली नाही?"

पार्ट मिळत नाही, असं मेकॅनिक रोजच्यासारखं म्हणाला. उस्तादांनी चावीसाठी हात पुढे केला. त्या हाताला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती, आणि गाडी काही सुरू होणार नाही ह्याची खात्री होती. नात दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

उस्तादांनी चावी फिरवली, स्टार्टरला कान दिला, मग स्कॅनर लावून कोड वाचला. पी शून्य तीन तीन पाच. सेन्सर स्वतः बघितलास का, असं त्यांनी विचारलं. मेकॅनिक घाईनं पुढे झाला. तोवर बॉनेट उघडून, बाही वर सारून त्यांनी इंजिनामागे कोपरापर्यंत हात घातला होता. डोळे मिटलेले. सकाळी शर्टाची बटणं लावायला त्यांना लेक लागायची, पण ही बोटं कुठंही अडखळली नाहीत. आत टक् असा आवाज झाला, वायर जागेवर बसली.

"ही वायर आपोआप निघालेली नाही," ते हात पुसत म्हणाले. "काढलेली आहे. खटका शाबूत आहे बघ. कुणी हात घातला होता?"

बिंग फुटलं ह्याची मेकॅनिकला लाज वाटायला हवी होती, पण त्याला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. चावी गाडीतच राहिली होती. तो दाराकडे वळला, पण उस्तादांनी बॉनेट आपटलं आणि त्याच्या आधी ते आत बसले. स्कॅनरवरचा कोड पुसला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. त्यांनी नातीला बेल्ट लावायला सांगितलं, आपलाही लावला.

शटर सताड उघडं होतं आणि बाहेर बसेस, ट्रक धावत होते. मेकॅनिक धावत गाडीच्या पुढे गेला आणि त्यानं दोन्ही हात बॉनेटवर टेकले. उस्ताद, गाडी बंद करा, मी काढली होती वायर, मी सांगतो का ते, असं तो बोलत राहिला. काचेआडून उस्ताद त्याच्याकडे जरा वेळ निरखून बघत होते. मग त्यांनी काच खाली केली.

"अहो भाऊ," ते अगदी अदबीनं म्हणाले, "जरा बाजूला होता का? शाळा सुटली असेल. माझी नात फाटकापाशी एकटीच उभी असेल."

शेजारी नात खुदकन हसली. आजोबाही हसतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यांनी गिअर टाकला.