कुत्र्यांची खोली

संगणकाच्या पडद्यावरच्या खोलीत कुत्र्यांचा घोळका होता आणि त्यांच्या मधोमध एक पोर उभं होतं. खोलीचं दार बाहेरून बंद होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. एका हाताने तिने नवऱ्याच्या खुर्चीची पाठ धरली होती, दुसरा हात पोटावर होता. आठवा महिना भरत आला होता आणि आताशा तिला कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय उभं राहवत नसे.

"बालवाडी," नवरा म्हणाला.

त्याचा हा खेळ तिला नवा नव्हता. डोंगर पोखरून किल्ला बांधायचा, त्यात बुटके लोक वसवायचे आणि मग त्यांच्यावर नाही नाही ते प्रयोग करायचे. एरवी घरांचे नकाशे काढून पोट भरणारा, झुरळ मारायलासुद्धा तिला हाक मारणारा माणूस. पण त्याच्या किल्ल्यात नगराध्यक्ष टिकत नसत. एकाने काचेच्या महालाचा हट्ट धरला, तेव्हा याने तो हौसेने बांधून दिला आणि दार तेवढं ठेवलं नाही. लग्नाआधी त्याने अजिबात न पटणारे दोन बुटके एका खोलीत कोंडून पाहिले होते. ते दोघेही जगले, म्हणून लग्न झालं. ही गोष्ट ती मैत्रिणींना रंगवून सांगायची.

आज मात्र तिला हसू येईना. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिथल्या मोठ्या बाईंचा आज फोन यायचा होता. बाळ तीन महिन्यांचं झालं की ती परत येणार, की तिच्या जागी दुसरं कोणी बघायचं, हे त्यांना आजच हवं होतं. नवरा-बायकोचं तसं ठरलेलं होतं. ती कामावर जाणार, तो घरून नकाशे काढणार आणि बाळाला सांभाळणार. म्हणजे दिवसभर बाळ या माणसाच्या ताब्यात राहणार होतं.

"कुत्री चावतात त्याला?"

"थोडी थोडी. खायला टाकतो मी वरून, उपाशी नाही ठेवत. चावे सोसून पोर मनाने घट्ट होतं." त्याने दुसरी खोली दाखवली. तिथे गाद्या होत्या, कारंजं होतं, खेळण्यांचा ढीग होता. "ही लाडात वाढवलेली. यातल्या एकाचं मांजर मेलं, तर त्याने खंदकात उडी घेतली. त्याच्या दुःखात दुसऱ्याने स्वयंपाकघर पेटवून दिलं."

"आणि हे सगळं कशासाठी?"

"तू आणलेली पुस्तकं वाचली मी. एकात म्हणतात, रडलं की लगेच उचला. दुसऱ्यात म्हणतात, रडू द्या. ऐकायचं कोणाचं? आपलं चुकलं तर परत पहिल्यापासून थोडंच करता येणार आहे? म्हटलं, आधी इथे करून बघू."

"त्या कुत्र्यांच्या खोलीचं दार उघड."

"आत्ता उघडलं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. रांगत होता तेव्हापासून आहे तो आत."

"उघड म्हणतेय ना मी."

त्याने हुकूम सोडला. या खेळात आपण फक्त हुकूम सोडायचा, मग जो बुटका मोकळा असेल तो येऊन दाराचा खटका ओढतो. दोघं वाट बघत बसली. कोणी दगड वाहत गेलं, कोणी पिंप ढकलत गेलं, खटक्याकडे कोणी फिरकेना. एवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई हातातलं काम टाकून धावत सुटली.

"ही कोण?"

"त्याची आई," तो चपापून म्हणाला. "पण हिला तर मी दुसरं काम दिलं होतं."

बाईने खटका ओढला. दार सरकलं. आधी कुत्री बाहेर आली, मग पोर. बाई पुढे होऊन त्याच्या वाटेत उभी राहिली. पोर तिला वळसा घालून गेलं, भिंतीला टेकवलेली कुदळ त्याने उचलली आणि ते खणायला लागलं. पडद्याच्या खाली पोराच्या मनातलं सांगणारी एक ओळ उमटली: आई दिसली. काही वाटलं नाही.

"बघितलंस? टिकला," नवरा म्हणाला, पण त्याचा आवाज अर्ध्यातच बसला. ती ओळ त्याने पुन्हा वाचली. बाई अजून तिथेच उभी होती. त्याने तिला स्वयंपाकघरात जायचा हुकूम दिला. मग जेवायचा, मग झोपायचा. बाई जागची हलली नाही.

फोन वाजला. तिने तो उचलून कानाला लावला. मोठ्या बाई नेहमीप्रमाणे तब्येतीची चौकशी न करताच मुद्द्यावर आल्या.

"नाही सांग त्यांना," नवरा हळूच म्हणाला. "माझ्याजवळ नको ठेवूस बाळाला. मला नाही जमणार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या बाईकडेच बघत होता आणि त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरून आले.

"हो बाई, ठरल्याप्रमाणे येते मी," ती फोनवर म्हणाली. "बाळाजवळ त्याचे बाबा आहेत."