मृण्मयीच्या जागी नंदा

“आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला ताण आलेला नाही,” हेमंतराव टिपणिसांनी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं. त्या आवाजासरशी लेकीच्या मनगटावरची ताण मोजणारी पट्टी लाल झाली. मृण्मयी आतल्या आत नाहीशी झाली आणि तिच्यातलीच दुसरी, मुकाट, हसतमुख नंदा त्याच खुर्चीत सावरून बसली.

“हे असं होतं,” डॉक्टर म्हणाले. “आज आमचं यंत्र दोघींना एक करील. मग मृण्मयी कुठं जाणार नाही. तुम्ही ओरडलात तर ऐकेल, लक्षात ठेवील आणि उलट बोलेल.”

मृण्मयीच्या आईला, सुप्रभाताईंना, लेकीशी धड बोलून वर्षं झाली होती; घरात आवाज चढला की समोर नंदाच असायची. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“डॉक्टर, सोमवारी केलंत तर चालेल का? रविवारी पूजा आहे, आणि पुऱ्या नंदाच लाटते.”